बायबलमधल्या वंशावळी तुम्ही कशा वाचता? (१ इतिहास, अध्याय १ ते ९)

पैलतीर

बायबल सलग वाचायला घेतलेला माणूस हमखास दोन ठिकाणी अडतो. एक लेवीय आणि दुसरं १ इतिहास. राजांच्या दोन्ही पुस्तकांतली पडझड, यरुशलेमचा नाश हे सगळं वाचून पान उलटावं, तर समोर नुसती नावं. आदाम, शेथ, अनोश... आणि हे असं नऊ अध्याय. या नऊ अध्यायांवर मला मनापासून बोलायचं आहे, कारण देव माणसांना परत कसं उभं करतो हे मला इथे जितकं दिसलं तितकं मोठमोठ्या वचनांतही दिसलं नाही.

आधी ही यादी कुणासाठी लिहिली ते बघू. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोक पाडाव होऊन बाबेलला गेले. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने परतायची मुभा दिली. १ इतिहास त्याच्याही बऱ्याच नंतरचं. तिसऱ्या अध्यायात दावीदाच्या घराण्याची ओळ जरुब्बाबेलाच्या, म्हणजे पहिल्या परतणाऱ्यांच्या पुढाऱ्याच्या, पुढेही पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्यावरूनच हे कळतं. म्हणजे हे वाचणाऱ्यांना ना राजा होता ना सैन्य. पारसी साम्राज्याच्या कोपऱ्यातला एक छोटा प्रांत तेवढा हाती होता. त्यांच्या मनात एकच गोष्ट ठसठसत असणार: आपण अजून तेच लोक आहोत का? त्यावर लेखकाने उपदेश केला नाही. नावं वाचून दाखवली.

सुरुवात अब्राहामापासून करता आली असती, पण केली आदामापासून. पहिल्याच अध्यायात एसावाचे वंशज आहेत, अदोमाचे, म्हणजे एसावापासून निघालेल्या शेजारच्या राष्ट्राचे, राजेही आहेत. यरुशलेम बुडत असताना अदोम कसा वागला ते ओबद्याच्या पुस्तकात वाचा, म्हणजे ही नावं लिहायला किती मोठं मन लागलं असेल ते कळेल. पुढे पाचव्या अध्यायात रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश येतो. अश्शूरच्या राजाने त्यांना कधीच उचलून नेलं होतं. यादी लिहिली तेव्हा ते नकाशावरही नव्हते. तरी त्यांची घराणी, त्यांची गावं, त्यांची कुरणं लिहिलेली आहेत.

आणि नवव्या अध्यायात यादी पोचते मंदिराच्या दाराशी. तिथे २१२ द्वारपाळ आहेत. त्यांचे भाऊबंद खेड्यांतून सात-सात दिवसांच्या पाळीने येतात. रोज सकाळी दार उघडायचं काम त्यांचं. काही जणांकडे उपासनेची भांडी आहेत, ती मोजून आत न्यायची आणि मोजूनच बाहेर आणायची. मत्तिथ्या नावाच्या एकाकडे तव्यावर भाजायच्या अर्पणांचं काम आहे. आदामापासून निघालेली ओळ भांडी मोजणाऱ्या माणसापर्यंत येते आणि त्याचंही नाव घराण्यासकट घेते.

आता मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट. हा मत्तिथ्या कोरहाच्या घराण्यातला आहे.

कोरह आठवतो ना? गणना १६. लेवी वंशातला माणूस, मोशे आणि अहरोन यांच्याविरुद्ध उठला. सोबत दाथान, अबीराम आणि २५० सरदार. धुपाटणी घेऊन ही माणसं दर्शनमंडपाच्या दाराशी उभी राहिली. पृथ्वीने तोंड उघडून बंडखोरांना गिळलं, अग्नी निघाला आणि ते २५० जण जळाले. त्यानंतर दहा अध्यायांनी, गणना २६ मधल्या शिरगणतीत, एक बारीकसं वाक्य येतं: कोरहाची मुलं मात्र मेली नाहीत.

बस, एवढंच. त्यांचं पुढे काय झालं, कुणी सांभाळलं, लोकांनी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं, काहीही नाही. उत्तर १ इतिहासात आहे आणि ते वंशावळीतच आहे. सहाव्या अध्यायात दावीदाने गायनाच्या सेवेवर नेमलेल्या हेमानाची वंशावळ उलटी, म्हणजे मुलाकडून बापाकडे, दिली आहे. हेमानाचा बाप योएल, त्याचा बाप शमुवेल, आणि असं वर वर जात ओळ कोरहाला भेटते. म्हणजे हेमान हा शमुवेल संदेष्ट्याचा नातू. यातला योएलही डागाळलेलाच: १ शमुवेल ८ मध्ये लाच खाऊन न्याय फिरवणारे शमुवेलाचे दोन मुलगे आहेत, त्यातला थोरला हाच. आणि या घराण्याच्या वाट्याला देवाच्या घरातलं गाणं आलं.

नववा अध्याय सांगतो की कोरहाचे वंशज मंडपाच्या उंबरठ्याचे राखणदार होते. ज्या दाराशी बाप बंड करून उभा राहिला, त्याच दाराची राखण पुढच्या पिढ्यांकडे आली. आता स्तोत्र ८४ उघडा. शीर्षक: कोरहाच्या मुलांचं स्तोत्र. त्यात म्हटलं आहे की दुष्टाईच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबरठ्याशी उभं राहणं मला बरं वाटतं. कोरहाच्या वेळी मोशेने लोकांना हेच सांगितलं होतं, या दुष्ट माणसांच्या तंबूंपासून दूर व्हा. हे माहीत असलेल्या कोरही गायकाच्या तोंडी ती ओळ कशी येत असेल याचा विचार केला की मला पुढे वाचवत नाही.

यात दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली, कोरहाचं नाव वंशावळीतून काढलेलं नाही. हेमानाला ते गाळून थेट कोरहाचा आजोबा कहाथ याचं नाव लावता आलं असतं. दुसरी, हे एका माणसाच्या आयुष्यात घडलेलं नाही. पिढ्या लागल्या. त्या पिढ्यांमध्ये कुणीतरी या मुलांना पाळीत घेतलं, कुणीतरी गाणं शिकवलं. देवाने उभं केलं असं आपण म्हणतो तेव्हा हे सगळे हात त्यात धरलेले असतात.

तुम्हाला या याद्यांमध्ये कुठे थांबावंसं वाटलं ते लिहा. मला खरंच ऐकायचं आहे.

केतकीचं_बन

कोरहाचं इतकं नीट जोडून कधी ऐकलं नव्हतं. आज स्तोत्र ८४ पुन्हा वाचलं.

मी थांबते ती १ इतिहास ७:२० ते २४ वर. एफ्राईमाची मुलं गथच्या लोकांची गुरं पळवायला गेली आणि तिथेच मारली गेली. म्हणजे चूक त्यांचीच. पण यादी तिथे थबकते आणि सांगते की त्यांच्या बापाने पुष्कळ दिवस शोक केला आणि त्याचे भाऊ त्याचं सांत्वन करायला आले. अख्ख्या यादीत अमक्याचा मुलगा अमका चाललेलं असताना मध्येच माणसं येऊन शोक करणाऱ्याजवळ बसतात.

मग त्याला आणखी एक मुलगा होतो, बरीया. घरावर आलेल्या अरिष्टावरून ठेवलेलं नाव. आणि लगेच पुढे शेरा. ही मुलगी. तिने खालचं आणि वरचं बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा ही गावं वसवली. गावं वसवणारी बाई अख्ख्या शास्त्रात दुसरी मला तरी सापडली नाही. जे घर गुरांच्या चोरीपायी उद्ध्वस्त झालं, त्याच घरातली मुलगी भिंती उभ्या करते आहे.

जुना_वाचक

लेख चांगला आहे, पण मला एक मोठी अडचण आहे आणि ती मी स्पष्ट मांडतो. मी श्रद्धाळू नाही. प्राचीन इतिहास वाचतो.

या याद्या भक्तिभावाने लिहिलेल्या नाहीत, त्या हक्काच्या याद्या आहेत. जमीन कुणाची, याजकपद कुणाचं, मंदिराच्या उत्पन्नात वाटा कुणाला, हे त्यांवरून ठरत होतं. एज्रा २ बघा. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या याजक घराण्यांनी वंशावळीच्या नोंदींत आपली नावं शोधली, सापडली नाहीत, म्हणून त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून दूर केलं. प्रांताधिपतीने बजावलं की उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) बाळगणारा याजक उभा राहीपर्यंत तुम्ही परमपवित्र पदार्थांना हात लावायचा नाही. हा समाज जोडणं आहे की तोडणं?

एज्रा १० तर त्याहून कठोर. परजातीय बायका केलेल्या पुरुषांची यादी, आणि त्या बायकांना घालवून देण्याचा ठराव. काहींना मुलंबाळं होती हे शेवटच्या ओळीत नोंदवलं आहे. तीही यादीच आहे. तिच्यात अर्थ कसा शोधायचा?

आणखी एक. १ शमुवेल १:१ मध्ये शमुवेलाचा बाप एफ्राईमी म्हणून येतो. १ इतिहासाचा लेखक त्याला लेवी वंशातला करतो. म्हणजे हेमानाची ती सुंदर वंशावळ नंतर जुळवलेली असण्याची शक्यता आहे. जबुलून वंशाचं नाव दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे, पण पुढे त्याची स्वतंत्र वंशावळच नाही. सगळ्यांना जागा दिली असं म्हणताना तेही लक्षात घ्यायला हवं.

पैलतीर

जुना_वाचक, तुमचा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. याद्या हक्कासाठी होत्या हे पूर्ण मान्य. म्हणूनच तर त्यांत कुणाला ठेवलं हे बघण्यासारखं आहे. ज्या कागदावर जमीन आणि मान ठरतो, त्यावरचं नाव फुकटचं नसतं.

एज्रा २ च्या बाबतीत मला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत.

तुम्ही सांगितलेल्या याजक घराण्यांच्या जरा आधी, ५९ आणि ६० व्या ओवीत, दलाया, तोबीया आणि नकोदा यांचे लोक आहेत. तेल-मेलह, तेल-हर्षा अशा ठिकाणांहून आलेले, एकूण ६५२. आपण इस्राएलातलेच आहोत हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. तरी ते आले आणि मोजले गेले. यादी त्यांच्याबद्दल खरं ते लिहिते, सिद्ध झालं नाही म्हणून, आणि तरी आकडा देते. कुणी त्यांना वाटेवरून परत पाठवल्याचं लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट हक्कोसाची. नोंद न सापडलेलं हे घराणं. आता नहेम्या ३:४ काढा. यरुशलेमच्या तटाच्या दुरुस्तीत मरेमोथ नावाचा माणूस काम करतो आहे: उरीयाचा मुलगा, हक्कोसाचा नातू. त्याच अध्यायात २१ व्या ओवीत तो दुसऱ्यांदा येतो, आणखी एक भाग बांधताना, एल्याशीबाच्या घराच्या दारापासून त्या घराच्या टोकापर्यंत. एल्याशीब म्हणजे मुख्य याजक. आणि एज्रा ८:३३ मध्ये बाबेलहून आणलेलं सोनं, रुपं आणि पात्रं देवाच्या घरात तोलून घेतली जातात ती उरीया याजकाचा मुलगा मरेमोथ याच्या हाती.

पहिली माणसं परतली ती इ.स.पू. ५३८ च्या आसपास, नहेम्याचा तट इ.स.पू. ४४५ चा. मधे नव्वदेक वर्षं. हक्कोस नावाचं घराणं आधीपासून याजकांच्या वर्गांतही आहे (१ इतिहास २४:१०), त्यामुळे हे तेच लोक का, यावर अभ्यासक वाद घालतात. माझं वाचन असं की ज्या घराण्याला पवित्र पदार्थ शिवायला मनाई होती, त्याच्या वंशजाच्या हाती पवित्र पात्रं तोलून दिली गेली. मधल्या काळात काय झालं ते शास्त्र सांगत नाही. तो तटावर दोनदा राबला एवढं मात्र सांगतं.

एज्रा १० बद्दल तुम्हाला गप्प करणारं उत्तर माझ्याजवळ नाही आणि ते असावं असंही मला वाटत नाही. त्या बायकांचं दुःख खरं आहे. शास्त्रातच त्याच्यासमोर रूथचं पुस्तक उभं आहे: मवाबी बाई, आणि तिच्या पोटून आलेली ओळ थेट दावीदाला भेटते. दोन्ही पुस्तकं एकाच शास्त्रात ठेवली गेली. मला दोन्ही वाचावी लागतात.

मातीच्या_विटा

यखन्या कुणीच कसा काढला नाही!

मत्तय १ मधल्या येशूच्या वंशावळीत बाबेलच्या बंदिवासाच्या नेमक्या वळणावर त्याचं नाव येतं. यहूदाचा राजा, यहोयाखीन म्हणून जास्त ओळखीचा. अठराव्या वर्षी गादीवर बसला, तीन महिने राज्य केलं आणि इ.स.पू. ५९७ मध्ये पाडाव झाला. त्याच्याबद्दल यिर्मया २२ मध्ये भयंकर शब्द आहेत. तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी मी तुला उपटून टाकलं असतं, असं परमेश्वर म्हणतो. आणि पुढे: हा पुरुष निःसंतान असं लिहून ठेवा.

लिहून ठेवा! म्हणजे नोंदीतच तो शून्य. आणि १ इतिहास ३:१७-१८ काय करतो? याच बंदिवान यखन्याच्या सात मुलांची नावं लिहितो.

इथे मातीतला पुरावाही आहे. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर राजवाड्यातून दिल्या जाणाऱ्या शिध्याचे हिशेब आहेत. १९३९ साली एर्न्स्ट वाइडनर यांनी त्यातल्या काही प्रसिद्ध केल्या. त्यांत यहूदाचा राजा म्हणून यहोयाखीनचं नाव आहे आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. एका पाटीवरची तारीख इ.स.पू. ५९२ ची. म्हणजे यरुशलेमच्या नाशाच्या सहा वर्षं आधीच ही मुलं बाबेलच्या कारकुनाच्या हिशेबात तेल घेत होती.

पुढे २ राजे २५ मध्ये बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी त्याला तुरुंगातून काढून राजाच्या पंक्तीला बसवलं. राज्य परत मिळालं नाही. पण त्याचा नातू जरुब्बाबेल पहिल्या परतणाऱ्यांचा पुढारी झाला. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय त्याला देवाचा निरोप देतो (२:२३): मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. आजोबाच्या नावाने जी अंगठी उपटली, तिचंच नाव घेऊन नातवाशी बोलणं झालं. हाग्गय ऐकणाऱ्यांना यिर्मया पाठ असणार. त्यांच्या अंगावर काटा आला असेल.

देवदार_छाया

@मातीच्या_विटा, पाट्यांची माहिती फार मोलाची. तिसऱ्या अध्यायातच जरुब्बाबेलाच्या मुलांबरोबर शलोमीथ या त्यांच्या बहिणीचं नाव आहे, तेही जोडून वाचा.

मी अनेक वर्षं शास्त्रपाठ घेते. मत्तय १ बद्दल एक गोष्ट मला नेहमी बोलावीशी वाटते. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चौघींना एकत्र करून "पापी स्त्रियांनाही येशूच्या वंशावळीत जागा मिळाली" असं सरसकट शिकवतात. ते मला पटत नाही. रूथने कोणतं पाप केलं? तामारेबद्दल तर यहूदा स्वतः म्हणतो, ती माझ्यापेक्षा नीतिमान ठरली (उत्पत्ती ३८:२६). उरीयाची बायको बथशेबा हिच्या आणि दावीदाच्या प्रकरणात नाथान संदेष्ट्याने बोट दावीदाकडे दाखवलं.

आणि बथशेबेचं नावच मत्तय लिहीत नाही. "उरीयाच्या बायकोपासून" असं लिहितो. याने तिचा मान कमी होतो असं काहींना वाटतं, आणि ती खंत मी समजू शकते. पण मला तिथे उरीया दिसतो. हित्ती, परका माणूस, राजाने कपटाने लढाईच्या तोंडी देऊन मारवलेला. २ शमुवेल २३ मध्ये दावीदाच्या वीरांची यादी आहे, तिचं शेवटचं नावसुद्धा "उरीया हित्ती" हेच आहे. त्यानंतर हजारएक वर्षांनी मत्तय तारणाऱ्याची वंशावळ लिहितो. मधले तीन राजे तो गाळतो, अहज्या, योवाश, अमस्या. उरीया मात्र राहतो, ज्याचं त्या रक्ताशी काही नातंच नाही.

देव घराणं परत उभं करतो तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव पुसत नाही. समेट, क्षमा हे शब्द आपण मंडळीत फार लवकर वापरतो. ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव घेतल्याशिवायच सगळं मिटवून टाकायची घाई असते. मत्तयाने तसं केलं नाही. हे मी शिकवते तेव्हा खोलीतल्या काही जणांचे डोळे भरून येतात. ते का, हे मी विचारत नाही.

अनामिक_पान

सहसा इथे फक्त वाचतो. आज लिहितो आहे.

मला दत्तक घेतलेलं आहे. मायेत काही कमी पडलं नाही. पण वंशावळ हा शब्द ऐकला की पोटात काहीतरी हलतं, कारण रक्ताची ओळ माझ्यापाशीच सुरू होते. एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने घराण्याची यादी करताना माझं नाव वेगळ्या रकान्यात लिहिलं होतं.

१ इतिहास २:३४-४१ मला एका मैत्रिणीने दाखवलं. शेशानाला मुलगे नव्हते, मुली होत्या. त्याचा यरहा नावाचा एक मिसरी दास होता. शेशानाने आपली मुलगी त्याला दिली. पुढची ओळ अत्तय, नाथान, जाबाद अशी थेट अलीशामापर्यंत जाते. यहूदाच्या वंशावळीच्या ऐन मध्यावर. मिसर, जिथे हे लोक स्वतः दास होते, तिथला दास. आणि त्याच्या पुढच्या तेरा पिढ्या कुठल्याही वेगळ्या रकान्यात नाहीत. एकामागून एक, इतरांसारख्याच.

मत्तय १ ही शेवटी योसेफापाशी येते. तो येशूचा जन्मदाता नाही हे मत्तय पुढच्याच ओव्यांत सांगतो. तरी ओळ त्याच्यातूनच जाते, कारण त्याने मुलाचं नाव ठेवलं, त्याला आपलं मानलं. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी हेच केलं. हे कळल्यापासून मी मत्तयाची पहिली सतरा वचनं पाठ केली आहेत.

केतकीचं_बन

अनामिक_पान, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. यशया ५६ ही वाचा, षंढ आणि परदेशी यांच्याबद्दलचा भाग. ज्याची ओळ पुढे जाणार नाही त्यालाही देव आपल्या घरात, आपल्या कोटांच्या आत, पुत्र आणि कन्यांपेक्षा उत्तम असं नाव द्यायचं म्हणतो.

सहज_सुचलं

एक शंका. १ तीमथ्य १:४ आणि तीत ३:९ मध्ये पौल वंशावळींच्या नादी लागू नका असं सांगतो. मग हे सगळं त्याविरुद्ध जात नाही का?

देवदार_छाया

तिथे वाद आणि कल्पित कथा वाढवणाऱ्या वंशावळींबद्दल तो बोलतो आहे, आणि त्याची कळकळ अशी की त्यांतून देवाचं काम पुढे जात नाही. नावांचं त्याला वावडं नाही. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बघा: फिबी, प्रिस्क आणि अक्विला, अंद्रोनीक, यूनिया, त्रुफैना, त्रुफोसा. रूफाच्या आईबद्दल तर तो लिहितो की ती माझीही आई आहे. तीही वंशावळच म्हणा, रक्ताच्या नात्याची नसलेली. दास, स्वतंत्र, यहूदी, ग्रीक अशी नावं एका ओळीत, आणि प्रत्येकाने काय केलं ते सोबत.

भिंतीलगत

पैलतीर यांनी नहेम्या ३ चा उल्लेख केला म्हणून. आमच्या वाचनगटात आम्ही तो अध्याय मोठ्याने वाचतो, प्रत्येकाने एकेक ओवी. आधी जीभ अडखळते. थोड्या वेळाने लय सापडते, कारण एकच गोष्ट परत परत येते: त्याच्या शेजारी अमका, त्याच्या शेजारी तमका.

त्यात सोनार आहेत. सुगंधी द्रव्यं करणारा हनन्या आहे. यांपैकी कुणी गवंडी नव्हतं, पण दगड उचलायला आले. यरुशलेमच्या अर्ध्या भागाचा अधिकारी शल्लूम आहे आणि त्याच्यासोबत त्याच्या मुली आहेत (३:१२). तकोवाच्या सरदारांनी या कामाला मान वाकवली नाही, हेही नोंदवलं आहे. पण तकोवाच्या साध्या लोकांनी आपला भाग संपवून २७ व्या ओवीत आणखी एक भाग हाती घेतला. कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच तट बांधला. मशुल्लाम नावाच्या एकाने आपल्या खोलीसमोरचा. घर नसावं, खोली तेवढी असावी. त्याच्या वाट्याला त्या खोलीइतका तट आला आणि तेवढा त्याने केला.

इथे कुणाच्या वंशाची शुद्धता तपासलेली नाही. आपला भाग शेजाऱ्याच्या भागाला जाऊन भिडला पाहिजे, इतकीच अट. नहेम्या ७ मध्ये परतलेल्यांची एज्रा २ मधलीच यादी पुन्हा येते, पण तट पुरा झाल्यावर. आधी शेजारी उभे राहिले, मग यादी वाचली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मंडळी तुटली की आपण आधी कोण आपला आणि कोण परका हे ठरवायला बसतो.

जुना_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले, संदर्भ उघडून पाहिले. मरेमोथबद्दल: तो आणि एज्रा २ मधलं घराणं एकच असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण तटाच्या यादीत हक्कोसाचं नाव कुणी झाकलं नाही हे खरं आहे. नोंद नाकारलेल्या घराण्याचं नाव लपवून पुढे येणं सोपं झालं असतं. उरीया हित्तीबद्दल देवदार_छाया यांनी लिहिलेलं मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

माझा प्रश्न तरी उरतोच. ज्यांची नावं कुठल्याच यादीत आली नाहीत त्यांचं काय? एज्रा १० मध्ये नवऱ्यांची नावं आहेत. बायकांची आणि मुलांची नाहीत.

पैलतीर

नाहीत. आणि ती नसल्याचं मी कुठल्याही युक्तिवादाने भरून काढणार नाही.

एक मात्र तुमच्यासमोर ठेवतो, पुन्हा कोरहाच्याच मुलांचं. स्तोत्र ८७. सात ओव्यांचं लहानसं स्तोत्र. त्यात परमेश्वर स्वतः राष्ट्रांची नोंद करतो आहे, आणि एकेकाजवळ येऊन लिहितो की याचा जन्म तिथला, सीयोनेतला. कोण आहेत या नोंदीत? मिसर, बाबेल, पलेशेथ, सोर, कूश. यातला एक गुलामीत ठेवणारा, एक मंदिर जाळणारा, एक पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी. परक्या बायकांची मुलं ज्या मुलखांतून आली असतील, तसेच मुलूख हे.

हे लिहिणारे कोरहाचे वंशज, म्हणजे ज्यांचं स्वतःचं नाव एका बारीकशा वाक्यावर टिकून राहिलं होतं. अशी यादी त्यांच्याच तोंडून यावी याचं मला नवल वाटत नाही. एज्रा १० मधल्या बायकांची नावं आपल्याला मिळत नाहीत. पण नोंद ठेवणारा हात फक्त एज्राच्या लेखनिकाचा नव्हता असं ते गायक सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

जुना_वाचक

स्तोत्र ८७ वाचलं. बाबेल त्या नोंदीत आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं. एज्रा १० चं उत्तर मला त्यात सापडलं असं म्हणणार नाही, पण हे स्तोत्र लिहिणाऱ्यांना तो प्रश्न कळला होता असं मात्र वाटतं. आता एज्रा १० आणि रूथ शेजारी ठेवून वाचतो आहे. रूथचा शेवटही वंशावळीनेच होतो हे आत्ता दिसलं. त्यावर वेगळा धागा काढावा का?

पैलतीर

जरूर काढा. रूथ ४:१८ पासून सुरू करा. ओळ पेरेसापासून निघते, म्हणजे तामारेच्या मुलापासून, आणि त्याच्या जरा आधी, १२ व्या ओवीत, वेशीवरचे लोक रूथशी लग्न करणाऱ्या बवाजाला आशीर्वाद देताना तामारेचंच नाव घेतात. देवदार_छाया, तिथे तुम्हीही या.